फास्ट : घट्टपासून जलदपर्यंत

ठाणे स्टेशनच्या ५-६ नंबरवर संध्याकाळी गाडी लागली की कुणीतरी विचारतंच, "कळवा घेईल का?" दारातून उत्तर येतं, "नाही मावशी, ही फास्ट आहे. धीमी पकडा." या बोलण्यात वेगाचा काहीच संबंध नाही. धीमी गाडीही दोन स्टेशनांच्या मध्ये जोरातच पळते. आपल्याकडे फास्ट म्हणजे मधली स्टेशनं न घेणारी.

मूळ इंग्रजी शब्द मात्र याच्या अगदी दुसऱ्या टोकाला होता. जुन्या इंग्रजीत 'फॅस्ट' म्हणजे पक्का, घट्ट, जागचा न हलणारा. हा अर्थ आजही जिवंत आहे. धुतल्यावर न जाणारा रंग 'फास्ट कलर', गाढ झोपलेला माणूस 'फास्ट अस्लीप', जिवाभावाचा मित्र 'फास्ट फ्रेंड'. माझ्या भाचीने शाळेच्या वहीत 'चाक चिखलात फास्ट अडकलं' या अर्थाच्या इंग्रजी वाक्याचं मराठी 'चाक पटकन अडकलं' असं केलं होतं. चूक तिची नाही. एकच अर्थ शिकवायचा आणि दुसरा परीक्षेत विचारायचा, हे मला पटत नाही.

मग घट्टचा वेगवान झाला कसा? इथे मराठी कान असलेल्याला उत्तर चटकन सापडतं. आपण 'दोरी जोरात धर' म्हणतो आणि 'जोरात पळ' असंही म्हणतो. पहिल्यात ताकद आहे, दुसऱ्यात वेग. इंग्रजीत नेमकं हेच झालं. आधी घट्ट धरणं, मग नेटाने लढणं, मग नेटाने पळणं, आणि शेवटी नुसतं वेगाने पळणं. मध्ययुगातच क्रियाविशेषणाच्या वाटेने हा अर्थ रुळला आणि तिथून विशेषणात आला.

उपवासाचा 'फास्ट'ही याच घराण्यातला. ऑफिसात चतुर्थीला "आज माझा फास्ट आहे" असं सर्रास ऐकू येतं. त्याच्या मुळाशीही घट्ट धरून राहणं, नियम पाळणं आहे. आपणही सोळा सोमवार 'धरतो'च की. आणि धरलेला उपास सोडायचा ते 'ब्रेकफास्ट'.

आता स्टेशनवरची उद्घोषणा ऐका. तिथे फास्टला 'जलद' म्हणतात. संस्कृतात जलद म्हणजे ढग, पण हा जलद तो नव्हे. हा अरबी-फारसीतून आला. अरबीत 'जल्द' म्हणजे कणखर, चिवट. फारसीत तो चपळ झाला आणि मराठीत वेगवान. म्हणजे एकमेकींशी नातं नसलेल्या दोन भाषांतले शब्द पक्केपणाकडून वेगाकडे एकाच वाटेने चालत आले आणि ठाण्याच्या फलाटावर एकमेकांचे प्रतिशब्द झाले. मला हे कळलं त्या दिवसापासून ती उद्घोषणा मी नीट ऐकतो.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुमारे ३४ किलोमीटरवरच्या ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली, तेव्हा फास्ट-स्लो असा भेदच नव्हता. तो यायला वेगळे रूळ लागले. ठाण्यापलीकडे तर वाटही वेगळी होती : धीमी कळवा-मुंब्रा करत डोंगराला वळसा घालायची, फास्ट १९१६ साली सुरू झालेल्या, सव्वा किलोमीटरहून लांब पारसिकच्या बोगद्यातून सरळ जायची. बोगद्यातला अंधार आणि कानात भरणारा आवाज हीच कित्येकांसाठी फास्टची खूण होती. २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका आली आणि फास्ट लोकलही मुंब्र्याच्या बाजूने जाऊ लागल्या. बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला. कळव्याच्या माणसाला मात्र याने फारसं काही मिळालं नाही. गाडी आता त्याच्या स्टेशनावरून जाते, पण गर्दीच्या वेळच्या मोजक्या गाड्या सोडल्या तर थांबत नाही.

९-१० नंबरवर, नवी मुंबईच्या गाडीला, हा शब्द लागूच होत नाही. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे : ती सगळं घेत जाते. तिथे लोक फक्त एवढंच विचारतात, "वाशी की पनवेल?"