रुंद धुराडं म्हणजे चांगला ओढा? खुलासा

‘विटांचं धुराडं जितकं रुंद, तितका धूर चांगला ओढला जातो, नव्या लाकडाच्या स्टोव्हला लायनर (धुराड्याच्या आत बसवायचा धातूचा पाइप) कशाला?’ हा समज उलटा आहे. स्टोव्हचं धूर सोडणारं गोल तोंड १५० मिमी व्यासाचं म्हणजे सुमारे १७७ चौ. सेंमी, ३० बाय ३० सेंमीच्या धुराड्याचं क्षेत्रफळ ९००. पाचपट जागेत धूर रेंगाळतो, थंडावतो, ओढा मरतो आणि भिंतीवर क्रिओसोट (धुरातला डांबरासारखा चिकट थर) साचतं. तेच पुढे पेटतं.

तोंडाच्याच मापाचा ३१६ दर्जाचा स्टेनलेस स्टील लायनर धुराड्याच्या वरच्या टोपीपर्यंत अखंड न्यावा. अर्ध्यावर सोडलेला पाइप निव्वळ फसवणूक! आधी जुनी काजळी पूर्ण काढावी. भोवती उष्णतारोधक वेष्टण हवंच, बाहेरच्या भिंतीतल्या धुराड्यात तर विशेष. लवचिक लायनरवरचा बाण धुराच्या दिशेने, म्हणजे वर.