गाडी किती तास उभी असते?

आमच्या सोसायटीतल्या एका पार्किंगमधले पंधरा अँपिअरचे सॉकेट मागच्या मे महिन्यात बदलावे लागले, तेव्हा काढलेले सॉकेट मी हातात घेऊन नीट पाहिले. पांढरे प्लास्टिक एका बाजूला तपकिरी पडून फुगले होते, आतली फेजची पितळी पट्टी काळी पडली होती आणि तार आवळून धरणारा स्क्रू बोटाने सहज फिरत होता. याच सॉकेटवर कित्येक वर्षे गाड्या धुण्याचा पंप चालला होता आणि काही बिघडले नव्हते. विजेवरची मोटार त्यावर रोज रात्री लागू लागली आणि तीन महिन्यांत ते भाजून निघाले.

याचे कारण साध्या गणितात आहे. तारेच्या किंवा जोडाच्या रोधातून वीज वाहते तेव्हा निर्माण होणारी उष्णता ही विद्युतप्रवाहाचा वर्ग गुणिले रोध इतकी असते. सैल स्क्रूमुळे जोडाचा रोध अवघा 0.05 ओहम झाला, तरी 15 अँपिअरला तिथे सव्वाअकरा वॅट उष्णता तयार होते, म्हणजे एका एलईडी दिव्याला लागते त्याहून जास्त शक्ती नखाएवढ्या जागेत सतत कोंडली जाते. गीझर पंधरा मिनिटांत बंद होतो आणि जोड थंड होतो. मोटार मात्र, बॅटरी बरीच उतरलेली असेल तर, सात-आठ तास तेवढाच प्रवाह ओढत राहते. तापलेला धातू गंजतो, पकड आणखी सैल होते, रोध वाढतो आणि उष्णता त्याहून वाढते. घरी चार्जर बसवण्याचे काम इतर वायरिंगपेक्षा वेगळे मानायला हवे, ते या तासांमुळे.

तरीही हेच तास आपल्या बाजूचेही आहेत. रोज 40 किलोमीटर फिरणाऱ्या मोटारीला शंभर किलोमीटरला 15 युनिट या हिशेबाने 6 युनिट लागतात, आणि रूपांतरात वाया जाणारी वीज धरली तर साधारण 7. साध्या पंधरा अँपिअरच्या जोडणीतून मिळणाऱ्या सुमारे 3.3 किलोवॅटने हे काम सव्वादोन तासांत होते आणि गाडी तर रात्रभर उभी असते. 32 अँपिअरच्या भिंतीवरच्या चार्जरमधून 7.4 किलोवॅट मिळतात, म्हणजे एका तासात काम उरकते. त्याहून मोठा चार्जर घेतल्याने मात्र वेग वाढेलच असे नाही, कारण घरातल्या प्रत्यावर्ती (एसी) विजेचे बॅटरीसाठी एकदिश (डीसी) विजेत रूपांतर करणारे यंत्र गाडीतच असते आणि त्याची क्षमता ठरलेली असते. 7.2 किलोवॅटचे यंत्र असलेल्या गाडीला 22 किलोवॅटचा चार्जर जोडला, तरी ती तेवढेच घेणार.

भिंतीवरच्या त्या पेटीला आपण चार्जर म्हणतो, पण ती खरे तर शिस्तीचा स्विच आहे. आपल्याकडे मोटारींसाठी रूढ झालेल्या टाइप 2 प्लगला सात पिना असतात. त्यातल्या पाच विजेच्या आणि अर्थिंगच्या, तर उरलेल्या दोन लहान पिना केवळ संवादाच्या. त्यातल्या एकीवरून पेटी सेकंदाला हजार वेळा चढउतरणारी लहर पाठवते. लहरीचा 'चालू' भाग 25 टक्के असेल तर '15 अँपिअरपर्यंत घे' आणि 10 टक्के असेल तर 'फक्त 6 घे' असा त्याचा अर्थ. गाडी त्याच तारेवरचा दाब 12 व्होल्टवरून आधी 9 आणि मग 6 व्होल्टपर्यंत खाली आणून 'जोडले गेले', 'तयार आहे' असे उत्तर देते. त्यानंतरच पेटीतला कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज जोडणारा स्विच, खट्‌कन बसतो आणि प्लगमध्ये वीज येते. साध्या सॉकेटमध्ये हे काहीच नसते.

मीटरची खोली आणि पार्किंग यांत अंतर असेल तर केबलच्या जाडीकडे दुर्लक्ष चालत नाही. 6 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलने 50 मीटर अंतरावर 32 अँपिअर नेले, तर जाऊन-येऊन सुमारे 10 व्होल्ट वाटेतच गळतात आणि तीनशेहून अधिक वॅट केवळ भिंत तापवण्यात जातात. 10 चौरस मिलिमीटरची केबल घेतली तर हे नुकसान जवळपास 40 टक्क्यांनी कमी होते. केबलमध्ये वाचवलेले पैसे पुढची पंधरा वर्षे बिलातून जात राहतात.

सर्वांत जास्त हलगर्जीपणा होतो तो अर्थिंगमध्ये आणि त्याची मला खरोखर काळजी वाटते. मोटार रबरी टायरांवर उभी असते. आत कुठे फेजची तार पत्र्याला टेकली, तर त्या विजेला जमिनीत जायला अर्थिंगखेरीज वाट नसते आणि ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाचा हात दाराला लागला की ती वाट त्याच्यातून तयार होते. अर्थिंग नसेल तर बहुतेक गाड्या चार्ज व्हायलाच नकार देतात. अशा वेळी काही वायरमन सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून गाडीला फसवतात. पुढे कधी न्यूट्रल तुटला, तर गाडीचा सगळा पत्रा फेजवर येतो. हे कुणी सुचवले, तर त्याच्याकडून काम करून घेऊ नये. सह्याद्रीच्या अंगाखांद्यावरच्या गावांत मुरमाच्या पातळ थराखाली लगेच काळा कातळ लागतो, त्यामुळे तिथे अर्थिंगचा खड्डा चांगला उतरणे कठीणच असते. जुलैत ओल्या मातीत मोजलेला रोध उत्तम दिसतो आणि मे महिन्यात तोच खड्डा निकामी ठरतो. मोजणी उन्हाळ्यात करून घ्यावी. चार्जरसाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबीही, म्हणजे गळती होताच पडून वीज तोडणारी कळ, स्वतंत्र हवी आणि ती नेहमीची 'एसी' प्रकारची नको, कारण गाडीतून येणाऱ्या एकदिश गळतीने तिचा गाभा सुन्न होतो आणि खरा अपघात झाला तरी ती पडत नाही.

सोसायटीच्या सभेत पहिला आक्षेप येतो तो ट्रान्सफॉर्मरचा. चाळीस गाड्यांनी एकाच वेळी 7.4 किलोवॅट घेतले तर 296 किलोवॅट होतात आणि तेवढा मंजूर भार क्वचितच शिल्लक असतो. पण चाळीस गाड्यांची रोजची गरज मिळून 280 युनिट, आणि रात्री दहा ते सकाळी सहा हे आठ तास धरले तर सरासरी फक्त 35 किलोवॅट. मुख्य पॅनेलवर एकूण प्रवाह मोजायचा आणि त्यानुसार प्रत्येक पेटीची ती लहर कमी-जास्त करायची, 6 अँपिअरच्या खाली जायची वेळ आली तर गाड्यांना पाळीपाळीने वीज द्यायची, एवढ्याने हा प्रश्न सुटतो. 2024 मध्ये केंद्राने वीजग्राहक हक्कांच्या नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार गाडीसाठी स्वतंत्र जोडणीही मागता येते, पण वीस जणांनी वीस केबली ओढण्यापेक्षा एक सामायिक व्यवस्था अधिक सुरक्षित असते.

गाडी किती तास उभी असते, हाच प्रश्न व्यवसायांनाही लागू पडतो. कार्यालयात गाडी आठ तास उभी असते, तिथे 7.4 किलोवॅटचे चार्जर पुरेसे आहेत. महामार्गावरच्या हॉटेलात गिऱ्हाईक जेवून अर्ध्या तासात निघते, तिथे 60 किलोवॅटचा एकदिश चार्जर लागतो, जो गाडीतले रूपांतर-यंत्र वगळून थेट बॅटरीला वीज देतो, आणि असे दोन-तीन बसवायचे तर बहुतेक वेळा स्वतःचा ट्रान्सफॉर्मरही. अशा हॉटेलवाल्याला वीज विकण्याचा परवाना लागत नाही. चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, असा खुलासा ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल 2018 मध्येच केला आहे. बॅटरी 80 टक्के भरली की ती स्वतःच वेग कमी करते, त्यामुळे शेवटच्या वीस टक्क्यांसाठी जागा अडवून ठेवण्याने हॉटेलचे आणि पुढच्या गिऱ्हाइकाचेही नुकसान होते.

नव्या इमारतींसाठी केंद्राच्या आदर्श बांधकाम नियमावलीत 2019 मध्ये 20 टक्के पार्किंग चार्जिंगसाठी सज्ज ठेवण्याची तरतूद आली. माझे मत असे की रिकाम्या नळ्या आणि केबल ट्रे शंभर टक्के जागांपर्यंत आजच न्यावेत, चार्जर मागाहून एकेक बसत जातील. स्लॅब ओतण्याआधी टाकलेल्या नळीला फारसा खर्च येत नाही. तीच पाच वर्षांनी टाकायची तर बीम भोकसावी लागते आणि त्यासाठी पुन्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरची परवानगी आणावी लागते.