साक्षीदार ‘मिळून येत नाही’ तेव्हा

सीबीएस बसस्थानकाजवळच्या नाशिक जिल्हा न्यायालयात शिपाई साक्षीदाराच्या नावाचा पुकारा करतो. कोणी पुढे येत नाही. मग पैरवी अंमलदार, म्हणजे कोर्टाचं काम पाहणारा पोलीस, परत आलेलं समन्स दाखवतो. मागे शेरा असतो : ‘दिलेल्या पत्त्यावर मिळून येत नाही.’ द्राक्षाच्या हंगामापुरता दिंडोरीत आलेला मजूर एव्हाना सुरगाण्याच्या पाड्यावर परतलेला असतो, किंवा आणखी कुठे. त्याने आधी शपथेवर काही सांगितलं असेल, तर तो कागद आता आरोपीविरुद्ध चालेल का?

याचं उत्तर १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ३३ मध्ये होतं. साक्षीदार मेला, सापडत नाही, साक्ष देण्याच्या स्थितीत नाही किंवा विरोधी पक्षानेच त्याला दूर ठेवलंय, तर आधीच्या न्यायालयीन कामकाजातली त्याची साक्ष वाचता येते. पण उलटतपास घेण्याचा हक्क आणि संधी तेव्हा आरोपीला मिळालेली हवी. सगळं कलम या अटीवर उभं होतं. मृत्युपूर्व जबाब मात्र कलम ३२ मुळे उलटतपासाशिवाय चालायचा.

१९०८ मध्ये ही अट सरकारला नडली. कलकत्त्यातल्या क्रांतिकारकांवरच्या अलीपूर बॉम्ब खटल्यातला माफीचा साक्षीदार नरेंद्र गोसाईं याला ३१ ऑगस्टला तुरुंगातच कन्हाईलाल दत्त आणि सत्येंद्रनाथ बसू यांनी गोळ्या घातल्या. मॅजिस्ट्रेटपुढे त्याची साक्ष झाली होती, उलटतपास व्हायचा होता. साक्ष वाया गेली. डिसेंबरात नवा फौजदारी दुरुस्ती कायदा आला. मॅजिस्ट्रेटच्या चौकशीत आरोपीला किंवा त्याच्या वकिलाला हजर राहण्याचा हक्क नाही. आणि साक्षीदाराचा मृत्यू वा गैरहजेरी आरोपीच्या फायद्यासाठी घडवली गेली असं हायकोर्टाला वाटलं, तर ती एकतर्फी साक्ष पुरावा धरायची. कलम ३३ मध्ये काहीही असो, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे घाव कलकत्त्याचा, मलमपट्टी पुढे इतर प्रांतांनाही.

वर्षभराने, २१ डिसेंबर १९०९ ला, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पाठोपाठ आलेला नाशिक कट खटला याच कायद्याखाली मुंबई हायकोर्टाच्या तीन न्यायाधीशांपुढे चालला, ज्युरीविना. अडतीस आरोपी होते. नाशिककर या खटल्यातली पिस्तुलं आणि शिक्षा सांगतात. तो ज्या कायद्याखाली चालला, त्याची गोष्ट क्वचितच निघते.

तो कायदा मागे पडला, कलम ३३ राहिलं. २००३ मध्ये डॉ. प्रफुल्ल देसाई प्रकरणात सुप्रीम कोर्टाने व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवरची साक्षही आरोपीच्या ‘समक्ष’च झाली असं मानलं, परदेशातला साक्षीदार त्यामुळे हाताशी आला, उलटतपासही वाचला. फरार आरोपीच्या पाठीमागे साक्ष नोंदवण्याची वाट फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९९ मध्ये होती. मात्र तो खरोखर फरार आहे आणि लगेच सापडण्याची शक्यता नाही हे आधी सिद्ध करावं लागतं, असं सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये जयेंद्र ठाकूर प्रकरणात बजावलं.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले : पुरावा कायद्याच्या कलम ३३ चं भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २७ झालं, प्रक्रिया संहितेच्या २९९ चं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३३५. शब्द जवळपास तेच आहेत. खरी भर याच संहितेच्या कलम ३५६ ची : उद्घोषित गुन्हेगार, म्हणजे कोर्टाने जाहीरनामा काढूनही हजर न झालेला आरोपी, फरार राहिला, तर त्याच्या गैरहजेरीत अख्खा खटला चालवून निकालही देता येतो. त्याला वकील नसेल तर सरकारी खर्चाने दिला जातो. ज्या अशिलाशी कधी बोलणंच झालं नाही, त्याच्या वतीने हा वकील उलटतपासात नेमकं काय विचारणार, हे आता कोर्टातच दिसेल.