संगणकातील वायुशीतन व जलशीतन

सुटे भाग आणून घरी जोडलेल्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची उष्णता बाहेर काढण्याच्या दोन प्रमुख पद्धतींना वायुशीतन व जलशीतन म्हणतात. दोन्हींत उष्णता शेवटी खोलीतील हवेतच जाते. ती हवेच्या हवाली कोठे होते, एवढाच खरा फरक आहे. त्यामुळे यांपैकी कोणतीही पद्धत प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही.

वायुशीतनात प्रोसेसरवर थर्मल पेस्टचा (उष्णता नीट पुढे जाऊ देणाऱ्या लेपाचा) पातळ थर देऊन धातूचा कूलर घट्ट बसवतात. कूलरच्या तळातील तांब्याच्या हीट पाइप उष्णता ॲल्युमिनियमच्या पात्यांपर्यंत नेतात आणि पंखा ती हवेत सोडतो. या नळ्या पोकळ असून त्यांत कमी दाबाखाली थोडे पाणी असते. तापलेल्या टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला ती निवते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून पाणी पुन्हा मूळ जागी येते. म्हणजे वायुशीतनातही पाणी आहेच, फक्त ते खेळवायला पंप लागत नाही.

जलशीतनात प्रोसेसरवरील तांब्याच्या ठोकळ्यातून पंप द्रव फिरवतो, नळ्या तो रेडिएटरपर्यंत नेतात आणि तेथे पंखे तो निववतात. रेडिएटर कॅबिनेटच्या कडेला लावता येत असल्याने मोठा घेता येतो. 240 व 360 मिलिमीटर ही त्याची रूढ मापे आहेत. पाण्याची उष्णता साठवण्याची क्षमताही मोठी असते. 1 लिटर पाण्याचे तापमान 1 अंश सेल्सिअसने वाढवण्यास सुमारे 4,200 जूल लागतात, म्हणजे 200 वॉट उष्णता देणाऱ्या प्रोसेसरलाही त्यासाठी जवळपास 21 सेकंद मोजावे लागतात. म्हणूनच क्षणिक ताण आला तरी पंखे एकदम गरजत नाहीत. मात्र काम तासभर चालले, की ही सवड संपते आणि रेडिएटरचा आकार व हवेचा प्रवाह यांवरच सारे ठरते.

साध्या वापरासाठी वायुशीतनाचा चांगला उभा कूलर पुरेसा असतो, आणि टिकाऊपणात तो सरस आहे, कारण त्यात बिघडण्यासारखा भाग पंखा हाच, आणि तो सहज बदलता येतो. शिवाय त्याच्या वाऱ्याने शेजारचे वीजपुरवठा नियंत्रित करणारे भागही थंड राहतात. जलशीतन खरे उपयोगी पडते ते प्रोसेसर दीर्घकाळ पूर्ण भाराने चालवताना, किंवा उंच कूलर कॅबिनेटमध्ये मावत नसताना.

कारखान्यातूनच द्रव भरून येणाऱ्या बंद संचातही नळ्यांच्या भिंतींतून पाणी अतिशय सावकाश झिरपते आणि त्याची जागा हवा घेते. ही हवा सर्वांत उंच ठिकाणी जमते. म्हणून रेडिएटरचा वरचा भाग पंपाहून उंच राहील असाच संच बसवावा, नाहीतर पंपात बुडबुडे अडकून खळखळ ऐकू येते आणि पंप लवकर झिजतो. स्वतः नळ्या जोडून केलेल्या संचात तांबे व ॲल्युमिनियम एकाच द्रवाच्या संपर्कात आणू नयेत, कारण विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम गंजत जाते.