टॉन्सिलची शस्त्रक्रिया : सुरी धोक्याची आणि लेझर बिनरक्ताचे?

‘टॉन्सिल लेझरने काढले तर रक्त येत नाही आणि दुखतही नाही; सुरीची पद्धत जुनी व धोक्याची आहे,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे. त्यात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच तो पटतो. उष्णतेने कापणारी उपकरणे कापतानाच लहान रक्तवाहिन्या बंद करतात, त्यामुळे शस्त्रक्रिया चालू असताना रक्तस्राव कमी होतो. मात्र तीच उष्णता भोवतालच्या ऊतींनाही पोळते, आणि अशा पद्धतींनंतर वेदना व उशिरा होणारा रक्तस्राव काहीसा अधिक आढळलेला आहे. हा रक्तस्राव साधारणपणे ५ ते १० दिवसांनी, घशातील पांढरट खपली सुटताना होतो. साधन कोणतेही असो, ती शक्यता उरतेच.

मुळात सुरीचे काम तरी किती? आकड्यासारखे वाकलेले १२ क्रमांकाचे पाते टॉन्सिलवरील नाजूक आवरणाला छेद देऊ शकते; पुढे बोथट उपकरणाने टॉन्सिल स्नायूपासून अलगद सोडवतात आणि रक्तवाहिन्या बांधतात किंवा डागतात.

पडताळा घ्यायचा असल्यास, घरी सोडताना मिळणाऱ्या सूचना वाचाव्यात आणि शल्यविशारदांना त्यांच्या पद्धतीत उशिरा रक्तस्राव किती रुग्णांना होतो, हे थेट विचारावे.