आलिशान मोटारीचा सुरक्षित वापर व देखभाल (नागपूर)

महागड्या, संगणकनियंत्रित मोटारी नागपूरच्या हवामानात आणि रस्त्यांवर चालवण्याची व सांभाळण्याची पद्धत. मोटार वाहन कायद्यात ‘लक्झरी कार’ असा वेगळा वर्ग नाही. हलक्या वाहनाचा जो परवाना छोट्या हॅचबॅकला चालतो, त्याच परवान्यावर चारशे अश्वशक्तीची आणि दोन टनांहून जड मोटारही चालवता येते. बाजारात मात्र मर्सिडीज-बेंझ, बीएमडब्ल्यू, आउडी, व्होल्वो, लेक्सस, लँड रोव्हर अशा कंपन्यांच्या मोटारींना हे नाव सर्रास लावले जाते.

या मोटारी आतल्या माणसाला बाहेरचे फारसे जाणवू देत नाहीत. इंजिनाची घरघर, रस्त्याचे हादरे, ऊन, वेग हे सगळे काचेपलीकडे राहते. पैसे त्यासाठीच मोजलेले असतात आणि अडचणही तिथेच सुरू होते. साध्या गाडीत कानाला आणि कमरेला कळणाऱ्या गोष्टी इथे चालकाला मुद्दाम पाहाव्या लागतात. नागपुरात त्यांतली पहिली गोष्ट ऊन.

ऊन

शहराचे नोंदलेले सर्वोच्च तापमान ४७.९ अंश सेल्सिअस असून ते २३ मे २०१३ रोजीचे आहे. मेअखेरच्या नवतपात, म्हणजे सर्वाधिक उन्हाच्या मानल्या जाणाऱ्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या आसपास असणे नागपूरकरांना नवे नाही. उन्हात बंद करून ठेवलेल्या मोटारीच्या आत यापेक्षा बरीच जास्त उष्णता साठते. पॉवर बँक, लायटर, सॅनिटायझर, अत्तराचे व डिओडरंटचे डबे दुपारी गाडीत ठेवू नयेत. मूल किंवा पाळीव प्राणी तर दोन मिनिटांसाठीही ठेवू नये. जून २०२३ मध्ये नागपुरात उभ्या असलेल्या एका मोटारीत अडकून तीन बालकांचा मृत्यू झाला होता. किल्ली खिशात असली तरी आपोआप उघडणारी-मिटणारी कुलपे असलेल्या गाड्यांत, किल्ली घरातल्या लहानांच्या हाती लागणार नाही याची काळजी अधिक घ्यावी लागते.

उन्हावर उपाय म्हणून काळी फिल्म लावण्याचा मोह इथे सर्वांनाच होतो. नियमानुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातली. दंडाची गोष्ट बाजूला ठेवली तरी, संध्याकाळी सीताबर्डीच्या गर्दीत काळ्या काचेतून डावीकडचा दुचाकीस्वार दिसत नाही. गाडी उभी असताना समोरच्या काचेला लावायची घडीची चंदेरी छत्री आणि झाडाची सावली यांनी पुष्कळ काम होते.

बॅटरी थंडीपेक्षा उष्णतेने लवकर मरते. आलिशान मोटारींत ती बहुधा एजीएम (आम्ल काचतंतूंच्या थरात शोषून ठेवणाऱ्या) प्रकारची असते आणि अनेक मॉडेलांत बोनेटखाली नसून डिकीत किंवा सीटखाली असते. नवी बसवल्यावर काही कंपन्यांच्या गाड्यांत तिची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते. ती न केल्यास गाडी जुन्याच बॅटरीच्या हिशेबाने चार्जिंग करत राहते. बॅटरी पूर्ण उतरली की दरवाजे उघडत नाहीत, गिअर ‘पार्क’मधून हलत नाही, विजेवर चालणारा हँडब्रेक सुटत नाही. रिमोटच्या पोटात लपलेली साधी धातूची किल्ली आणि ती लागणारे छिद्र कुठे आहे, हे मालकाने गाडी घेतली त्याच दिवशी पाहून ठेवावे.

डॅशबोर्डावर दिसणारे बाहेरचे तापमान हा नागपूरकरांचा आवडता विषय. सिग्नलवर उभ्या गाडीचा सेन्सर डांबराची आणि इंजिनाची उष्णता पकडतो, त्यामुळे ‘आज ५१ दाखवत होतं’ असे किस्से दर उन्हाळ्यात निघतात. सेन्सर चुकतात हे हवामान खात्यालाही अनुभवावे लागले. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश नोंदवले आणि ती नोंद यंत्रातील दोषामुळे झाल्याचे नंतर सांगण्यात आले. गाडीच्या बाबतीत हीच सावधगिरी पुढे कॅमेरा आणि रडारलाही लागू पडते. मात्र इंजिनाच्या तापमानाचा लाल दिवा लागला तर तो चुकीचा असेल असे समजून पुढे जाऊ नये. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि ते निवेपर्यंत कूलंटच्या टाकीचे झाकण उघडू नये. गाडी बंद केल्यावर पंखा किंवा पंप काही वेळ फिरत राहणे मात्र बिघाड नाही. टर्बो असलेल्या इंजिनाला त्याची गरज असते.

टायर आणि समृद्धी महामार्ग

नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग सुरू झाला. नागपूरच्या बाजूने तो शिवमडका येथे सुरू होतो. सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची आणि घाटात १०० ची मर्यादा आहे. नागपुरातील आलिशान मोटारीची खरी परीक्षा याच रस्त्यावर होते, कारण तापलेले काँक्रीट, सलग वेग आणि जड गाडी या तिन्ही गोष्टींचा भार शेवटी टायरवर पडतो.

टायरमधील हवेचा दाब तापमानात दर साडेपाच-सहा अंशांच्या फरकाला सुमारे एक पीएसआयने (हवेचा दाब मोजण्याचे एकक) बदलतो. म्हणून दाब पाहायचा तो सकाळी, गाडी फिरण्याआधी. ‘उन्हाळ्यात हवा जरा कमीच ठेवा, नाहीतर फुटेल’ हा पंक्चरच्या दुकानात हमखास मिळणारा सल्ला उलटा आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, वाकल्याने तापतो आणि तापल्याने त्याचे थर सुटतात. भर वेगात फुटणारा टायर पुष्कळदा असा उपाशी ठेवलेला असतो. दुपारी तापलेल्या टायरमधली हवा सोडून कंपनीच्या आकड्यावर आणली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो आकड्याखाली गेलेला असतो. योग्य आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो. तिथे बहुधा दोन ओळी असतात, एक दोघा-तिघांसाठी आणि दुसरी भरलेल्या गाडीसाठी. शिर्डीला सहकुटुंब निघताना दुसरी पाहावी. नायट्रोजन भरल्याने यातले काहीच टळत नाही. फार तर दाब थोडा सावकाश उतरतो.

टायरच्या कडेवरील चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘२३२१’ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की टायर बदलणे कायद्याने आवश्यक आहे. पण कमी चालणाऱ्या गाडीत नक्षी कोरी असते आणि रबर उन्हाने कडक झालेले असते, म्हणून वयही पाहावे. अनेक मॉडेलांत स्टेपनीच नसते. ‘रन-फ्लॅट’ टायर हवा गेल्यावरही चालतो, पण साधारण ताशी ८० च्या वेगाने आणि ८० किलोमीटरपर्यंतच. त्याच्या कडा इतक्या ताठ असतात की हवा गेल्याचे बसल्या जागी कळत नाही. दाब दाखवणारा पिवळा दिवाच ते सांगतो, म्हणून तो दिवा टाळू नये.

वेगाचे गणित सगळ्या गाड्यांना सारखे आहे. ताशी १२० ला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. ८० वरून १२० वर गेल्यावर ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोन पट होते. साध्या गाडीत १२० ला वाऱ्याचा आवाज वाढतो आणि स्टिअरिंग थरथरते. इथे १४० लाही शेजारी झोपलेला माणूस जागा होत नाही. म्हणून वेगमर्यादेची सूचना आणि क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय) हे दोन्ही लावून ठेवणे इष्ट. रडारवर चालणारा क्रूझ कंट्रोल पुढच्या वाहनामागे वेग कमी-जास्त करतो, पण वेगात असताना वाटेत आधीपासून थांबलेला ट्रक तो वेळेवर ओळखेलच असे नाही, आणि बहुतेक कंपन्यांची पुस्तिका हे स्पष्ट लिहिते. मार्गिका ओळखणारा कॅमेरा पांढऱ्या पट्ट्यांच्या भरवशावर असतो. पट्टे पुसट असतील, किंवा समोर ई-रिक्षा, उलट्या दिशेने येणारी दुचाकी, रानडुक्कर असे काही असेल, तिथे ही यंत्रणा तोकडी पडते. काच बदलली किंवा बंपर रंगवला की कॅमेरा-रडारचे पुन्हा जुळवणीचे काम करून घ्यावे. नागपुरात हे काम पुष्कळदा राहून जाते, कारण बाहेरून गाडी नवीच दिसते.

पट्टा, एअरबॅग आणि टेकडीचा गणपती

नवी गाडी टेकडी गणपतीला नेऊन पूजा करणे, चाकाखाली लिंबू ठेवणे हा नागपूरचा रिवाज. त्यानंतर डॅशबोर्डावर मूर्ती चिकटते आणि ती नेमकी बाजूच्या प्रवाशाच्या एअरबॅगच्या झाकणावर असते. एअरबॅग डोळ्याचे पाते लवण्याआधी उघडते आणि वाटेतली वस्तू प्रवाशाच्या चेहऱ्याकडे फेकते. मूर्ती मधल्या भागात, झाकणापासून दूर ठेवता येते. त्याचप्रमाणे सीटला जाड कव्हर शिवून घेतल्यास सीटच्या कडेतून उघडणारी एअरबॅग अडते. पुढच्या बंपरवर लावलेल्या लोखंडी गार्डला तर केंद्र सरकारने २०१७ मध्येच मनाई केली आहे.

एअरबॅग पट्ट्याला पूरक आहे, त्याची जागा घेत नाही. मागच्या सीटवर पट्टा लावण्याची सवय आपल्याकडे अजून रुजलेली नाही, विशेषतः ड्रायव्हर ठेवणाऱ्या घरांत. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा गाडी उत्तम प्रतीची होती आणि मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता. गाडी कितीही भक्कम असली तरी सुट्ट्या माणसाला ती वाचवू शकत नाही. बाहेरच्यांबद्दल तर काहीच हमी नसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागपूरच्या रामझुला पुलावर एका आलिशान मोटारीच्या धडकेने दुचाकीवरील दोन तरुण ठार झाले. दोन टनांच्या वस्तूचा चालक म्हणून आपली जबाबदारी आतल्यांपुरती नाही, ही बाब गाडीच्या कोणत्याही पुस्तिकेत पुरेशी ठळक सापडत नाही.

ड्रायव्हरचा विषय इथेच आला पाहिजे. शोरूममधले प्रात्यक्षिक मालक पाहतो आणि गाडी चालवतो दुसराच. ब्रेकखाली पाय थरथरला म्हणजे एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) काम करते आहे, पाय उचलायचा नाही, हे अनेक अनुभवी ड्रायव्हरांना कोणी सांगितलेले नसते. गाडीच्या रंगावरील सिरॅमिक कोटिंगवर हजारो रुपये जातात. ड्रायव्हरला निम्मा दिवस बसवून गाडी समजावणे त्यामानाने फुकट आहे.

कमी चालणारी गाडी

धरमपेठ ते रामदासपेठ आणि परत, एवढीच रोजची फेरी असलेल्या डिझेल गाड्या शहरात पुष्कळ आहेत. ‘गाडी वापरलीच नाही, मग बिघडली कशी’ हा प्रश्न त्यांच्याच मालकांचा. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारी गाळणी असते. ती स्वतःला जाळून स्वच्छ करते, पण त्यासाठी इंजिन काही वेळ सलग तापलेले राहावे लागते. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ते कधीच होत नाही. आठवड्यातून एकदा वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत वीस-पंचवीस मिनिटे स्थिर वेगात जाऊन येणे हा सर्वांत स्वस्त इलाज. अनेक डिझेल गाड्यांत लागणारे युरियाचे द्रावण उष्णतेत लवकर खराब होते, त्यामुळे त्याचे डबे गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये साठवू नयेत.

ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो, म्हणून किलोमीटर कितीही कमी असोत, बहुतेक कंपन्या ते दोन वर्षांनी बदलायला सांगतात. इंजिन ऑइल पुस्तिकेतल्या मानांकनाचेच घ्यावे, कारण केवळ घट्टपणाचा आकडा जुळणे पुरत नाही. हवेने भरलेल्या रबरी फुग्यांवर (एअर सस्पेन्शन) उचलली जाणारी गाडी जॅकवर घेण्याआधी ती यंत्रणा स्क्रीनवरून बंद करावी लागते, आणि केवळ त्या रबरी फुग्यांच्या आधारावर असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. विजेच्या मोटारींतील नारिंगी तारांना प्रशिक्षित माणसाशिवाय कोणी हात लावायचा नाही. हिवाळ्याच्या तोंडावर उबेला येणारे उंदीर तारा कुरतडतात. त्यावर रामबाण इलाज कोणाकडेच नाही, पण गाडी चार दिवसांतून एकदा हलवणे आणि बोनेट उघडून पाहणे फायद्याचे.

पाणी

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अवघ्या काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसले. तळघरातल्या पार्किंगमधील गाड्यांचे मोठे नुकसान झाले. रस्त्यांचे सिमेंटीकरण होताना अनेक ठिकाणी रस्ता उंच आणि आवार खोल झाले आहे, त्यामुळे जोरदार पावसाचा इशारा असेल तेव्हा गाडी तळघरातून वर काढणे शहाणपणाचे.

पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करू नये, हा एकमेव नियम पाठ असला तरी लाखो रुपये वाचतात. हवा ओढणारी नळी पुढच्या बाजूला असते. तिच्यातून पाणी सिलिंडरमध्ये गेले की पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. विमा कंपनी या नुकसानीला बहुधा पुन्हा सुरू करण्याचा परिणाम मानते, म्हणून इंजिन संरक्षणाची जोड पॉलिसीत वेगळी घ्यावी लागते. गाडी दोरीने ओढू नये. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीची चाके जमिनीवर फिरली तर गिअरबॉक्स जातो, म्हणून सपाट ट्रकच मागवावा.

आत अडकल्यास एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. आवाज अडवण्यासाठी काही आलिशान मोटारींच्या बाजूच्या काचाही दुपदरी असतात आणि त्या हातोडीने फुटत नाहीत, नुसत्या तडकतात. काचेच्या कोपऱ्यातील खुणेवरून प्रकार कळतो. वीज चालू आहे तोवर काच खाली करणे हाच पहिला मार्ग.

पुरातून निघालेल्या गाड्या धुऊन-पुसून जुन्या बाजारात येतात. घेण्याआधी प्रत्येक सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढून पाहावा, कारण आतल्या टोकाला पाण्याची रेघ राहते. डिकीतला गालिचा उचलून बॅटरीजवळचे खोलगट भाग, सीटच्या रुळांवरील गंज आणि फ्यूजच्या डब्यातील गाळ तपासावा. सर्व्हिसच्या नोंदी कंपनीच्या केंद्रातूनच, चासी क्रमांकावरून काढून घ्याव्यात. दुरुस्ती कुठे झाली आणि विम्याचे दावे किती झाले हे विक्रेत्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा कागदावर पाहावे.