कुत्र्याने ऑलिव्ह खाल्ला, तर?

आमच्या डॉग बोर्डिंगच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कुत्रा आमच्याकडे राहायला येतो तेव्हा त्याच्या खाण्यापिण्याची माहिती आम्ही फॉर्मवर लिहून घेतो. 'आवडता खाऊ' या रकान्यात अधूनमधून 'ऑलिव्ह' लिहिलेलं असतं आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "चालतो ना?" चालतो. ऑलिव्हचा गर कुत्र्यांना विषारी नाही. पण आम्ही लगेच उलट विचारतो, कुठला ऑलिव्ह? बी काढलेला की बियांसकट? साधा की आत काही भरलेला? कारण कुत्र्याला त्रास होतो तो सहसा ऑलिव्हमुळे होत नाही, त्याच्यासोबत जे पोटात जातं त्यामुळे होतो.

मिठाचं काय?

झाडावरून तोडलेला ऑलिव्ह तोंडात धरवत नाही इतका कडू असतो. हा कडूपणा ओल्युरोपीन नावाच्या घटकाचा. तो घालवण्यासाठी फळं कित्येक आठवडे, कधी काही महिने मिठाच्या पाण्यात मुरवतात. त्यामुळे मीठ नुसतं वर लागलेलं नसतं, गरात उतरलेलं असतं. नळाखाली धुतलं की वरचं खारं पाणी जातं, आतलं मीठ तसंच राहतं. रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, मध्ये पाणी बदललंत तर ते बरंच कमी होतं.

बरणीतल्या हिरव्या ऑलिव्हमध्ये 100 ग्रॅममागे साधारण 1500 मिलिग्रॅम सोडियम असतं, डबाबंद काळ्यामध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे एका मध्यम हिरव्या ऑलिव्हमधून 50 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम जातं. 10 किलोच्या कुत्र्याची दिवसभराची किमान गरज अशा दोन-तीन ऑलिव्हमध्येच भागते आणि त्याच्या रोजच्या जेवणात सोडियम असतंच. एखाद्या ऑलिव्हने धडधाकट कुत्र्याला फार तर जास्त तहान लागेल. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या कुत्र्याला मात्र एकही देऊ नका.

खरी काळजी बरणीतल्या पाण्याची. ऑलिव्ह संपतात, बरणी ओट्यावर उघडी राहते, ती कलंडते आणि कुत्रा फरशी चाटून लख्ख करतो. वजनाच्या दर किलोमागे 2 ते 3 ग्रॅम मीठ पोटात गेलं तर विषबाधेची लक्षणं दिसू शकतात. 5 किलोच्या कुत्र्यासाठी हे प्रमाण 10 ग्रॅमपासून सुरू होतं, म्हणजे जेमतेम दोन चहाचे चमचे. सतत पाणी पिणं, उलट्या, जुलाब, झोकांड्या खाणं, अंग थरथरणं, झटके येणं, यातलं काहीही दिसलं तर वाट न पाहता पशुवैद्याकडे न्या.

बी

कुत्रे ऑलिव्ह चावत बसत नाहीत, गिळतात. आणि ज्यांना चावायची सवय असते, त्यांच्या दाढेखाली दगडासारखी बी येते आणि वरच्या मोठ्या दाढेचा कपचा उडतो. मोठ्या कुत्र्याने गिळलेली एखादी बी बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत शीवाटे पडून जाते. लहान जातीच्या कुत्र्यांत आणि पिल्लांत तीच बी घशात किंवा आतड्यात अडकू शकते. बी गिळल्याचं कळलं की पुढचे काही दिवस शी नीट बघा. पुन्हा पुन्हा उलटी, अन्न नाकारणं, पोटाला हात लावू न देणं, कुंथूनही शी न होणं, ही आतडं अडल्याची लक्षणं आहेत.

आत काय भरलंय?

आमचा सगळ्यात कडक नकार इथे आहे. लसूण किंवा कांदा भरलेला ऑलिव्ह कुत्र्याला अजिबात देऊ नका. दोन्हींमधले गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतात आणि लसूण त्यात कांद्यापेक्षा जहाल. फसवं हे, की त्या दिवशी कुत्रा हुंदडत असतो. हिरड्या फिक्या पडणं, धाप लागणं, लघवी लालसर-तपकिरी होणं हे तीन-चार दिवसांनी दिसतं आणि तोवर घरातले तो ऑलिव्ह विसरलेले असतात. ब्लू चीज भरलेले आणि मद्याच्या ग्लासातले ऑलिव्हही नकोत. ऑलिव्ह, लसूण वगैरे वाटून केलेले स्प्रेड तर नाहीच. पिझ्झावरचा ऑलिव्ह काढून देतानाही शेजारी कांदा होता का, ते आधी पाहा.

आणखी एक, जरा विषयाबाहेरचं. काळा ऑलिव्ह आणि काळं द्राक्ष एका ताटलीत असलं की मुलं दोन्ही सारखंच समजून कुत्र्याला भरवतात. द्राक्षं आणि मनुका कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात आणि किती खाल्ल्यावर धोका, याचा भरवशाचा हिशेब नाही. एक द्राक्ष गेलं तरी पशुवैद्याला फोन करा.

द्यायचाच असेल तर

साधा, बी काढलेला, भिजवून मीठ उतरवलेला ऑलिव्ह, तुकडे करून. लहान कुत्र्याला एक, मोठ्याला दोन-तीन, तेही कधीतरी. ऑलिव्हमध्ये तेल भरपूर असतं. ज्याला आधी स्वादुपिंडाला सूज आली आहे किंवा ज्याचं वजन वाढलं आहे, त्याला नकोच.

जास्त खाल्ले असतील तर घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. तो जुना उपाय मीठ आणखी वाढवतो आणि कुत्र्याच्या जिवावर बेततो. स्वच्छ पाणी समोर ठेवा, बरणीवरच्या लेबलचा फोटो काढा, किती खाल्ले आणि किती वाजता ते लिहा आणि तेवढं घेऊन पशुवैद्याला गाठा.

आमच्याकडे सोडायला येण्याआधीच्या चार-पाच दिवसांत त्याने बियांसकट किंवा काहीही भरलेला ऑलिव्ह खाल्ला असेल, तर फॉर्मवर तारखेसह लिहा. आम्ही रोज त्याच्या हिरड्या आणि शी तपासू आणि संध्याकाळी तुम्हाला फोनवर कळवू.